दासोपंत : कापडावर डॉक्युमेंटेशन लिहिणारे संतकवी

प्रोग्रॅमिंगचं नवं टूल शिकताना डॉक्युमेंटेशनची शेकडो पानं बघूनच दडपण येतं ना? आधी सगळी रचना एका नजरेत दाखवणारी आकृती शोधा, मग लागेल तेवढा तपशील वाचा. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत ४०० वर्षांपूर्वी दासोपंतांनी वाचकांसाठी अशीच सोय केली होती.

त्यांचा जन्म १५५१चा. वडील दिगंबरपंत देशपांडे बीदरच्या बरीदशाहीत महसुलाचं काम बघत. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्य रयतेला वाटलं आणि भरपाईसाठी बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं, अशी कथा सांगतात. सुटकेनंतर त्यांनी घर सोडलं, माहूरला दत्तभक्ती केली आणि पुढे ते अंबाजोगाईत स्थिरावले.

त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ‘पंचीकरण’ मात्र त्यांनी सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर लिहिलं. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळतात, याचं हे शास्त्र. प्रत्येकात निम्मा भाग स्वतःचा, बाकी चौघांचा प्रत्येकी एक-अष्टमांश. नुसत्या शब्दांत किचकट वाटणारा हा हिशोब आकृत्यांमुळे डोळ्यांसमोर उभा राहतो.

१६१५मध्ये दासोपंत गेले. पासोडी मात्र टिकली.