वाइन व्यापाऱ्याने बनवलेली पेशी

मॉरिट्झ ट्राउबे यांचा जन्म १८२६ सालचा, सायलेशियातील रातिबोर गावचा. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील वाइनचे व्यापारी. थोरले भाऊ लुडविग पुढे बर्लिनचे नामांकित डॉक्टर झाले. मॉरिट्झ यांनी रसायनशास्त्र शिकून १८४७ मध्ये, एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली; पण दुसऱ्या एका भावाच्या निधनानंतर घरचा धंदा त्यांच्या गळ्यात पडला. विद्यापीठातील नोकरी राहूनच गेली. प्रयोग मात्र त्यांनी धंदा सांभाळून घरीच चालू ठेवले.

त्यांचा गाजलेला प्रयोग १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. साहित्य अगदी साधे. मोरचुदाचा खडा पोटॅशियम फेरोसायनाइडच्या द्रावणात टाकला, की त्याच्याभोवती तपकिरी पापुद्रा धरतो. तो पाणी आत घेतो, पण साखरेसारखे पदार्थ अडवतो. पाणी शिरून पिशवी फुगते, ताणून फाटते आणि फाटल्या जागी लगेच नवा पापुद्रा तयार होतो. पिशवी चक्क वाढताना दिसते! यात जीव नाही, हे उघड आहे. पण पेशीचे निदान एक काम निर्जीव पदार्थही करू शकतो, हे ट्राउबे यांनी दाखवले. या ‘पेशीं’ची चर्चा इतकी झाली, की मार्क्स आणि एंगल्स यांच्या लिखाणातही त्यांचा उल्लेख आहे.

हाच पापुद्रा मातीच्या सच्छिद्र भांड्यात बसवून फेफर यांनी १८७७ मध्ये परासरण दाब मोजला. शिरेतून नुसते पाणी दिले तर तांबड्या पेशी फुगून फुटतात. म्हणून सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते. त्यामागचे गणित त्या मोजमापांवरच उभे राहिले.

औषधोपचारासाठी कृत्रिम पेशी यायला मात्र बरीच वर्षे लागली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस चँग यांनी १९५७ मध्ये हिमोग्लोबिन अतिपातळ पटलात कोंडले. पेशीची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा तिचे एखादे काम उचलणे सोपे, हा त्यातला शहाणपणा. पुढे असेच पटल कोळशाच्या कणांवर चढवले गेले. उघडा कोळसा रक्तपेशींना इजा करतो. पटलामुळे त्या बचावतात आणि विष तेवढे आत शोषले जाते. काही विषबाधांमध्ये रक्त शुद्ध करायला ही युक्ती वापरली गेली. रक्ताची जागा पूर्णपणे घेईल अशी कृत्रिम पेशी मात्र अजून रुग्णालयात आलेली नाही.

ट्राउबे यांचे निधन २८ जून १८९४ रोजी बर्लिनमध्ये झाले. त्याच वर्षी त्यांचा आणखी एक निबंध छापून आला होता. मोठ्या प्रमाणावरचे पाणी क्लोरिनयुक्त चुन्याने निर्जंतुक कसे करावे, हा त्याचा विषय. गावोगावच्या विहिरींत आपण पावसाळ्यात टाकतो ती टीसीएल पावडर याच घराण्यातली.