सलीम अली

डॉ. सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६, मुंबई – १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षीशास्त्रज्ञ, लेखक आणि निसर्ग-संरक्षक होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक होत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या मुंबईतील संस्थेशी त्यांचा सुमारे ऐंशी वर्षे संबंध होता. एखादी जात टिकवायची असेल तर तिची शिकार थांबवणे पुरेसे नाही, तिचा अधिवासही राखावा लागतो, हा विचार भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

बालपण

सलीम अली हे दहा भावंडांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. त्यानंतर मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुंबईतील खेतवाडीच्या घरी या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते आणि लहान सलीमलाही मोठा शिकारी होण्याची हौस होती.

खेळण्यातल्या हवाई बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरी कोणालाच सांगता येईना, म्हणून मामांनी त्यांना बीएनएचएसचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. या भेटीने मुलाच्या आयुष्याला वळण मिळाले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी या चिमणीवरूनच ठेवले.

शिक्षण आणि उमेदवारीची वर्षे

१९१३ मध्ये ते जेमतेम मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे कुटुंबाच्या खाण आणि लाकूड व्यवसायात गेले. व्यवसायापेक्षा त्यांचे लक्ष भोवतालच्या जंगलाकडे अधिक होते. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी वाणिज्य कायद्याबरोबरच प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयातील निसर्ग-इतिहास विभागात त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमन यांच्या हाताखाली शिकले. स्ट्रेझमन यांना ते पुढे आपले गुरू मानत. १९३० मध्ये ते परतले तेव्हा पैशांअभावी त्यांची जागा रद्द झालेली होती.

किहीम आणि सुगरणीचा अभ्यास

नोकरी नसल्याने अली पती-पत्नी त्या वेळच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी संपूर्ण विणीचा हंगाम तिच्या निरीक्षणात घालवला.

नर सुगरण घरटे अर्धे विणून थांबतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीने ते पसंत केले की नर ते पूर्ण करतो आणि ती अंडी उबवू लागली की दुसरीसाठी नवे घरटे विणायला घेतो. अशा रीतीने एकाच हंगामात नराचे क्रमाने अनेक माद्यांशी जोडे जमतात, हे या अभ्यासातून पुढे आले. मेलेल्या नमुन्यांच्या मोजमापापेक्षा जिवंत पक्ष्याचे वर्तन आणि परिसर यांत त्यांना अधिक रस होता आणि किहीमच्या कामाने या वृत्तीला दिशा दिली.

सर्वेक्षणे आणि ग्रंथ

त्यानंतर त्यांनी हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ आदी संस्थानांतील पक्ष्यांची सर्वेक्षणे केली. खर्चाची तरतूद झाल्यास स्वतः मोबदला न घेता काम करण्याची त्यांची तयारी असे. तेहमिना अनेक मोहिमांत त्यांच्याबरोबर राहिल्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. त्यानंतर सलीम अली बहीण आणि मेहुणे यांच्या घरी राहू लागले.

१९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावेत अशी त्याची मांडणी होती आणि त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला.

संरक्षणकार्य

स्वातंत्र्यानंतर आर्थिक अडचणीत सापडलेली बीएनएचएस टिकावी म्हणून त्यांनी सरकारी साहाय्य मिळवले. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचा संस्थेचा प्रकल्प त्यांच्या नेतृत्वाखाली चालला. राजस्थानातील भरतपूर हे त्याचे प्रमुख केंद्र होते. एके काळी संस्थानिकांचे शिकारीचे पाणथळ असलेले भरतपूर पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये यासाठीही त्यांनी आपले वजन खर्ची घातले. १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

भरतपूरमधील गुराचराई बंद करण्याचा पुरस्कार मात्र वादग्रस्त ठरला. १९८२ मध्ये बंदी लागू झाल्यावर गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष होऊन गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. म्हशींची चराई थांबल्याने गवत आणि पाणवनस्पती माजून पाणपक्ष्यांची जागा आक्रसते, असे पुढे बीएनएचएसच्याच अभ्यासातून दिसून आले. अधिवास राखताना तेथील माणसांचे आणि गुरांचे स्थान काय, हा प्रश्न या घटनेने ठळक केला.

माळढोक

कोरड्या गवताळ माळरानावर राहणारा माळढोक हा सलीम अलींच्या आस्थेचा विषय होता. तो राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे त्यांनी सुचवले होते. १९६३ मध्ये मात्र मोराची निवड झाली. १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य घोषित झाले.

माळढोकाची मादी विणीच्या वेळी सहसा एकच अंडे घालते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. कायद्याने शिकारीस बंदी आली, तरी माळराने नांगराखाली गेली आणि पुढे विजेच्या तारांना धडकूनही पक्षी मरू लागले. जगात आता दोनशेहूनही कमी माळढोक उरले असून महाराष्ट्रातून ते जवळजवळ नाहीसे झाले आहेत. आर्क्टिकमधील ध्रुवीय अस्वलाची स्थितीही काही अंशी अशीच आहे. १९७३ मध्ये पाच देशांनी करार करून त्याच्या शिकारीला आळा घातला, परंतु तापमानवाढीमुळे ज्या समुद्री बर्फावरून ते सील पकडते, तो बर्फच आता कमी होत आहे.

सन्मान आणि स्मृती

पदवी पूर्ण न केलेल्या सलीम अलींना अनेक विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १९७६ मध्येच मिळालेल्या जे. पॉल गेटी वन्यजीव संरक्षण पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग-संरक्षण निधीसाठी दिली. १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. दीर्घ आजारानंतर १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

केरळमधील तट्टेकाड पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव आहे. कोइम्बतूर येथे १९९० मध्ये स्थापन झालेले पक्षीशास्त्र आणि निसर्ग-इतिहास केंद्रही त्यांच्या नावाने ओळखले जाते.