आधी भूमिगत, मग घटना समितीत, मग साखर कारखान्यात : देशभक्त रत्नाप्पा कुंभार

इचलकरंजीजवळ गंगानगरला पंचगंगा साखर कारखाना आहे. त्याच्या नावाआधी देशभक्त रत्नाप्पा कुंभार हे नाव लागतं. कोल्हापूरकरांनी देशभक्त ही त्यांची पदवीच करून टाकली. पण एकेकाळी पोलीस ज्याच्या मागावर होते, त्या माणसाच्या शब्दावर शेतकऱ्यांनी आपले पैसे का गुंतवले?

रत्नाप्पांचा जन्म १५ सप्टेंबर १९०९ चा, शिरोळ तालुक्यातल्या निमशिरगावचा. घर कुंभाराचं. शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झालं.

तेव्हा कोल्हापूर हे संस्थान होतं. म्हणजे इथल्या कार्यकर्त्याला इंग्रजांच्या आधी दरबाराशीच भांडावं लागायचं. १९३९ साली जयसिंगपूरला प्रजा परिषद स्थापन झाली आणि माधवराव बागलांसोबत रत्नाप्पा पुढे आले. शेतसारा कमी करा आणि जबाबदार राज्यपद्धती द्या, या मुख्य मागण्या. त्यापायी तुरुंग झाला. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले ते काही वर्षं.

असं राहायचं तर गावागावात विश्वासाची माणसं लागतात. पुढे कामी आलं ते हेच भांडवल.

स्वातंत्र्यानंतर ते घटना समितीवर गेले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९५२ ला रत्नाप्पा खासदार झाले. कुणीही इथं थांबलं असतं.

पण ऊसकऱ्याची अडचण तशीच होती. ऊस गुऱ्हाळात जायचा, गूळ अडत्याकडे. त्याच अडत्याकडून आधी उचल घेतलेली असायची, त्यामुळे दराबद्दल बोलायची सोय नाही. साखर कारखाना काढायचा तर भांडवल शेठजींकडे.

प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी यावर मार्ग दाखवला होता. त्याच वाटेनं १९५० च्या दशकात रत्नाप्पांनी पंचगंगा कारखाना उभा केला.

हे गणित नीट बघा. ऊस पिकवणारा शेअर घेतो आणि मालक होतो. सरकारही भाग भांडवल घालतं, बाकी कर्ज. शेअर कितीही असोत, मत एकच. लाभांशावर मर्यादा असते, त्यामुळे नफा मिळवायचा तो मुख्यतः उसाच्या दरातून. आज ज्याला एथिकल इन्व्हेस्टमेंट म्हणतात ते याहून फार वेगळं नाही, फक्त इथं गुंतवणूकदाराच्या पायाला चिखल होता.

आणि हे उभं करणारा माणूस मोठ्या बागायतदाराच्या घरातला नव्हता. सहकारात तेव्हाही हे दुर्मिळच होतं.

ग्राहकांसाठी त्यांनी कोल्हापुरात जनता बझार काढला. शिरोळचे आमदार झाले, १९७० च्या दशकात राज्यमंत्री. १९८५ ला पद्मश्री मिळाली. कोल्हापुरातलं एक कॉमर्स कॉलेज आज त्यांच्या नावानं आहे.

२३ डिसेंबर १९९८ ला ते गेले. नंतरच्या काळात पंचगंगा कारखाना कर्जात अडकला आणि रेणुका शुगर्स या खासगी कंपनीला भाड्यानं चालवायला दिला गेला. ज्या शेठजींना टाळायला शेतकऱ्यांनी शेअर घेतले होते, त्यांच्यासारख्याच एका कंपनीकडे कारखाना चालवायला गेला. पाटीवर नाव मात्र रत्नाप्पांचंच.