बेटांचा शोधक : पॉल लँगरहान्स

परंड्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात असो वा मुंबईच्या, जीवशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला लँगरहान्स हे नाव एकदा तरी पाठ करावे लागते. स्वादुपिंडातील ज्या पेशीपुंजांतून इन्शुलिन स्रवते, त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणतात, एवढे उत्तर लिहिले की एक गुण मिळतो आणि विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या नावामागचा माणूस जेमतेम चाळीस वर्षे जगला, त्यांतील अखेरची चौदा वर्षे क्षयाशी झुंजला आणि आपण नेमके काय शोधून ठेवले आहे, हे न कळताच गेला.

पॉल लँगरहान्स यांचा जन्म 25 जुलै 1847 रोजी बर्लिन येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर आणि राजकारणातही वजन असलेले गृहस्थ. पॉल सहा वर्षांचे होण्याआधीच आई क्षयाने वारली. हाच रोग पुढे मुलाच्याही वाट्याला यायचा होता. वैद्यकाचे शिक्षण आधी येना येथे एर्न्स्ट हेकेल यांच्या सान्निध्यात आणि नंतर बर्लिनला झाले. बर्लिनमध्ये त्या काळी रुडॉल्फ फिर्शो यांचा दबदबा होता. रोगाचे मूळ पेशीत शोधावे, ही दृष्टी त्यांनी वैद्यकाला दिली होती. त्यांच्याच प्रयोगशाळेच्या परिसरात युलियस कोनहाइम यांच्याकडून लँगरहान्स यांनी ऊती रंगवण्याची एक नवी रीत उचलली. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ऊतीचा पातळ काप बुडवला की एरवी न दिसणारे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली काळेभोर उमटत.

ही रीत त्यांनी माणसाच्या त्वचेवर वापरली. वरच्या थरात फांद्या पसरलेल्या, ताऱ्यासारख्या काही पेशी दिसल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात, असा निष्कर्ष काढून त्यांनी 1868 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष चुकला होता. पण ती चूक उमगायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1869 मध्ये, त्यांनी पदवीसाठी स्वादुपिंडाच्या सूक्ष्मरचनेवर प्रबंध सादर केला. अभ्यास मुख्यतः सशाच्या स्वादुपिंडाचा. पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशींच्या गर्दीत मधूनच फिकट, बहुकोनी पेशींचे लहान लहान पुंज विखुरलेले त्यांना आढळले. त्यांचे वर्णन त्यांनी बारकाईने केले, त्यांच्याभोवतीचे मज्जातंतूंचे जाळेही नोंदवले. मात्र हे पुंज काय करतात, ते सांगता येत नसल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. कदाचित या लसीका ग्रंथी असाव्यात, एवढाच एक तर्क केला आणि तोही चुकला. असे हे दोन शोध, तेही वयाची 22 वर्षे पूर्ण होण्याआधीचे. आपल्याकडे या वयाचा वैद्यकीय विद्यार्थी परीक्षांच्या फेऱ्यातून बाहेर आलेला नसतो.

1870 मध्ये भूगोलतज्ज्ञ कीपर्ट यांच्यासमवेत ते सीरिया-पॅलेस्टाइनकडे गेले आणि तेथील कुष्ठरुग्णांचा अभ्यास केला. परतताच फ्रान्सशी युद्ध पेटले होते. त्यात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. 1871 मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात शवविच्छेदनाच्या विभागात नेमणूक झाली, लवकरच प्राध्यापकपदही मिळाले. 1874 मध्ये मात्र क्षयाने गाठले. हा संसर्ग बहुधा शवविच्छेदनाच्या टेबलावरच झाला असावा. इटली, स्वित्झर्लंड येथील हवापालटाचा उपयोग होईना, तेव्हा 1875 मध्ये त्यांनी अटलांटिक महासागरातील पोर्तुगीजांचे मादेइरा बेट गाठले.

प्रकृतीला थोडा उतार पडला. फुंशाल या गावी त्यांनी दवाखाना सुरू केला. रुग्ण बहुतेक त्यांच्यासारखेच छातीच्या विकाराने बेटावर आलेले. फावल्या वेळात समुद्रातील कृमींचा अभ्यास चाले. नव्याने सापडलेल्या एका कृमीच्या गटाला त्यांनी गुरू फिर्शो यांचे नाव देऊन टाकले! बेटाची माहिती देणारे एक पुस्तकही त्यांनी प्रवाशांसाठी लिहिले. 1885 मध्ये आपल्याच एका दिवंगत रुग्णाच्या पत्नीशी, मार्गारेटे यांच्याशी, त्यांनी विवाह केला. हे सुख तीनच वर्षांचे ठरले. मूत्रपिंडे निकामी होऊन 20 जुलै 1888 रोजी ते निवर्तले. एकेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते. त्यांना फुंशाललाच चिरविश्रांती मिळाली.

त्यानंतर एकाच वर्षाने, 1889 मध्ये, स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्याला मधुमेह होतो, हे दाखवून दिले. 1893 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनी त्या पेशीपुंजांना लँगरहान्स यांचे नाव दिले. 1921-22 मध्ये टोरंटोला इन्शुलिन हाती आले; त्या शब्दाचे मूळही बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

कथा इथे संपली असती, तर लँगरहान्स पाठ्यपुस्तकापुरते उरले असते. पण 1965 मध्ये ब्रसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी मधुमेह जडल्यावर अल्पावधीत दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली. 22 पैकी 15 जणांत त्या बेटांना पांढऱ्या पेशींनी वेढा घातलेला होता. शरीराचे रक्षकच घरावर चालून गेले होते. 1974 मध्ये लंडनला अशा रुग्णांच्या रक्तात बेटांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच सुमारास त्वचेतील त्या ताऱ्यासारख्या पेशींचेही कोडे उलगडू लागले. त्या मज्जापेशी नव्हेत, तर परक्या पदार्थाचा माग काढून टी-पेशींना त्याची ओळख पटवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी ठरल्या. त्वचेतल्या या पेशी स्वादुपिंडावर चालून जात नाहीत. तो हल्ला टी-पेशींचा. तरीही ज्या संघर्षातून टाइप 1 मधुमेह उद्भवतो, त्याच्या दोन्ही पक्षांचे दर्शन एकाच विद्यार्थ्याला वर्षभरात घडावे, याला काय म्हणावे?

हा संघर्ष रक्ताच्या नमुन्यात पकडणे, हे आजचे आव्हान आहे. प्रतिपिंडांची चाचणी उपलब्ध आहे. पण प्रतिपिंडे म्हणजे हल्लेखोरांच्या पाऊलखुणा, हल्लेखोर नव्हेत, आणि काही रुग्णांत त्या खुणा सापडतही नाहीत. म्हणून टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, त्यांच्यासमोर बेटांतील प्रथिनांचे तुकडे ठेवायचे आणि कोणत्या पेशी चवताळतात ते मोजायचे, अशा चाचण्यांवर संशोधन चालू आहे. अडचण अशी की, अशा पेशी रक्तात फार विरळ असतात आणि निरोगी माणसांतही थोड्या आढळतात.

आपल्याकडे या निदानाला विशेष महत्त्व आहे. परंड्यासारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात पंचविशीचा, अंगाने किरकोळ रुग्ण साखर वाढून आला, तर तो टाइप 1 चा की टाइप 2 चा, की कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा, हे नुसत्या नजरेने ठरत नाही. या तिसऱ्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये टाइप 5 असे नाव दिले. टाइप 1 च्या रुग्णाला केवळ गोळ्यांवर ठेवले, तर त्याच्या जिवावर बेतते. उलट ज्याला गरज नाही त्याच्या मागे जन्मभराची इंजेक्शने लागतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील रुग्णांवर हैदराबाद आणि इंग्लंडमधील एक्सेटर येथील संशोधकांच्या सहकार्याने झालेल्या 2020 च्या अभ्यासात, जनुकीय गुणांकावरून टाइप 1 आणि टाइप 2 वेगळे ओळखण्यास भारतीयांतही मदत होते, असे दिसून आले. टी-पेशींच्या चाचणीची वाट अधिक बिकट आहे. त्या पेशी जिवंत असाव्या लागतात. परंड्यात काढलेले रक्त मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत घड्याळ थांबत नाही.