बाटलीवरच्या रेघेचा धनी

जुन्या औषधी बाटलीचे मोल करणारा जाणकार बाटली हाती आल्यावर आधी तिच्यावरील अक्षरे वाचत नाही. बाटलीच्या कडेने वर जाणारी एक बारीक रेघ तो नखाने चाचपतो. ही साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ. ती ओठाच्या खालीच विरली असेल, तर बाटलीचे तोंड माणसाच्या हाताने घडलेले असते. ओठ ओलांडून वरच्या कडेपर्यंत पोहोचली असेल, तर बाटली यंत्रातून आलेली असते. मग बाटली उलटी केली जाते. तळावर वेडेवाकडे, पिसासारख्या कडेचे वर्तुळ दिसले की भाव बहुधा उतरतो. अमेरिकेतील संग्राहक या खुणेला ‘ओवेन्सचा व्रण’ म्हणतात. ज्यांचे नाव या खुणेला मिळाले, त्या मायकेल जोसेफ ओवेन्स यांचे आयुष्य मात्र बाटलीच्या बाजारभावापेक्षा कितीतरी मोठ्या उलथापालथीचे आहे.

ओवेन्स यांचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी, आज पश्चिम व्हर्जिनिया राज्यात असलेल्या मेसन परगण्यात झाला. कुटुंब आयरिश वंशाचे, वडील कोळशाच्या खाणीत कामाला, भावंडे सात. घरच्या ओढगस्तीमुळे दहाव्या वर्षीच मायकेलची पाटी सुटली आणि व्हीलिंग शहरातील हॉब्स-ब्रॉकुनियर या नामांकित काच कारखान्यात तो भट्टीत कोळसा टाकण्याच्या कामावर रुजू झाला. सकाळी पाच तास, जेवणानंतर पुन्हा पाच तास. पोरगा चलाख आणि जिद्दी होता. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याच्या हाती फुंकनळी आली आणि तो पुरता काच फुंकणारा कारागीर झाला.

त्या काळातील काच कारखाना मुलांवाचून चालत नसे. फुंकणारा कारागीर नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेई. त्याच्या पायाशी उकिडवा बसलेला मुलगा लोखंडी साचा उघडझाप करी. दुसरा मुलगा तयार बाटली चिमट्यात धरून तोंड घडवणाऱ्याकडे नेई, तिसरा ती हळूहळू निववण्याच्या लांबट भट्टीकडे धावत घेऊन जाई. भट्ट्या विझवता येत नसल्याने रात्रपाळी अटळ होती. राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी छायाचित्रकार लुईस हाइन यांनी १९०८ साली इंडियाना राज्यातील काच कारखान्यांत टिपलेली मुले पाहिली, म्हणजे ओवेन्स यांचे बालपण कसे गेले असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

औषधविक्रेत्यांच्या बाटल्याही अशाच हातांतून तयार होत. आपल्याकडील कंपाउंडर बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवत असे. अमेरिकेतील औषधविक्रेता आपले नाव, गाव आणि कधी खलबत्त्याचे चित्रही काचेतच उठवून घेई. प्रत्येकासाठी स्वतंत्र साचा परवडणारा नव्हता. म्हणून साच्यात बदलता येणारी लोखंडी पट्टी बसवत आणि तिच्यावर नाव उलटे कोरत. त्यामुळे चार-सहाशे घरांच्या गावातला दुकानदारही थोड्या बाटल्या आपल्या नावाने करून घेऊ शके. आज संग्राहक ज्यासाठी झटतात, ती ही लहान गावांची नावे; मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांच्या बाटल्या मुबलक सापडतात.

ओवेन्स हे कामगार संघटनेचे खंदे कार्यकर्ते होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट केंब्रिज येथील एडवर्ड ड्रमंड लिबी यांचा जुना काच कारखाना संपांनी जेरीस आला, त्यात या संघटनेचाही वाटा होता. लिबी यांनी १८८८ साली आपला कारखाना ओहायो राज्यातील टोलेडो येथे हलवला, आणि दैवगती अशी की त्याच वर्षी ओवेन्स त्यांच्याकडेच नोकरीला लागले. थोड्याच दिवसांत ते देखरेखीच्या जागेवर गेले. संघटनेचा माणूस मालकाचा उजवा हात झाला, हे जुन्या सहकाऱ्यांना रुचले नसावे. पण लिबींचे भांडवल आणि ओवेन्स यांची कल्पकता ही जोडी अखेरपर्यंत टिकली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात लिबींच्या काचमंडपाची व्यवस्थाही ओवेन्स यांनीच सांभाळली.

विजेच्या दिव्यांचे काचगोळे फुंकण्याचे काम पाहत असताना साचा उघडणाऱ्या मुलाचे काम यांत्रिक युक्तीने करून घेण्याचा मार्ग त्यांनी काढला. पुढे १८९८ च्या सुमारास त्यांनी खरा प्रश्न हाती घेतला: माणसाचा श्वास न वापरता बाटली फुंकायची कशी? शिक्षण बेताचे, आराखडे काढता येत नसत. कल्पना कागदावर उतरवण्याचे काम विल्यम बॉक या अभियंत्याने केले. पहिले उपकरण सायकलच्या पंपासारखेच होते. दट्ट्या मागे ओढला की निर्वाताने वितळलेली काच साच्यात खेचली जाई. मग दुसऱ्या साच्यात दट्ट्या पुढे रेटला की हवेने बाटली फुगे. खेचलेल्या काचेची शेपटी साच्याखाली सुरी फिरवून तोडावी लागे. त्या सुरीच्या फटकाऱ्याचाच वण म्हणजे बाटलीच्या तळावरचा व्रण.

१९०३ साली ओवेन्स बॉटल मशीन कंपनी स्थापन झाली आणि १९०४ साली यंत्राचे एकस्व मिळाले. एक ग्रोस बाटल्यांची मजुरी एक डॉलर ऐंशी सेंटवरून दहा-बारा सेंटपर्यंत खाली आल्याचा हिशेब सांगितला जातो. याची किंमत फुंकणाऱ्या कारागिरांनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब काही वर्षांत निरुपयोगी झाले, संघटनेला मजुरीत कपात पत्करावी लागली आणि ज्यांनी ओवेन्स यांना धंदा शिकवला, त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांना वेगळा उद्योग शोधावा लागला. दुसरीकडे, साच्याशी बसणारी पोरे कारखान्यातून नाहीशी होऊ लागली. १९१३ साली राष्ट्रीय बालमजुरी समितीने मान्य केले की, कायद्यांच्या मार्गाने आपल्याला साधले नाही, तेवढे काच कारखान्यांतील बालमजुरी हटवण्याचे काम या यंत्राने केले.

गंमत म्हणजे ओवेन्स यांना स्वतःला बालमजुरीचा तिटकारा नव्हता. १९२२ साली एका मासिकाला दिलेल्या मुलाखतीत, लहानपणी काम करण्यात आपल्याला आनंदच होता, कामाला संकट मानण्याची नवी रीत घातक आहे, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. मुलांना सोडवण्यासाठी त्यांनी यंत्र केले, असे सांगणारी गोड कहाणी म्हणूनच जपून घ्यावी. त्यांना स्वस्त आणि भराभर निघणारी बाटली हवी होती. मुले सुटली, हे त्या हव्यासाचे फळ.

या यंत्राने औषधविक्रेत्याच्या बाटलीला मात्र उशिरा गाठले. एकाच आकाराच्या लक्षावधी बाटल्या काढायच्या तेथे यंत्र पैसे वसूल करी. गावच्या दुकानाच्या थोड्याशा बाटल्यांसाठी ते फिरवणे परवडत नसे. म्हणून नावाच्या बाटल्या काही वर्षे हातानेच होत राहिल्या आणि पुढे कागदी लेबलाने त्यांची जागा घेतली. उठावाच्या नावाची हातघडीची बाटली एका मर्यादित कालखंडातली आहे, तिच्या किमतीचे मूळ येथेच सापडते. त्यात रंगाची भर पडते: पारदर्शक व फिकट पाणीदार काच सामान्य, तर गडद निळी, हिरवी किंवा अंबरी बाटली दुर्मीळ. फिकट जांभळ्या रंगाला भुलू नये. मँगनीजयुक्त काच उन्हात जांभळी होतेच. पण विक्रेते ती कृत्रिम किरणांनीही रंगवतात. टवका, तडा आणि आतल्या बाजूचा दुधाळ थर यांनी भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो.

भारतात सापडणाऱ्या बाटल्यांना अमेरिकेतील हे कालमापन जसेच्या तसे लावता येत नाही. तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. तोवर टोलेडोची यंत्रे चालू होऊन काही वर्षे लोटली होती आणि आपल्याकडे फुंकनळी त्यानंतरही दीर्घकाळ चालली. जुन्या बाजारातील बाटलीची रेघ ओठाखाली थांबली, एवढ्यावरून ती शतकापूर्वीची ठरत नाही.

ओवेन्स यांच्या नावावर पुढे पंचेचाळीस एकस्वे जमा झाली. सपाट काच अखंड पट्ट्यात ओढण्याच्या अर्विंग कोलबर्न यांच्या पद्धतीमागेही त्यांनी बळ उभे केले आणि त्यातून १९१६ साली लिबी-ओवेन्स शीट ग्लास कंपनी निघाली. २७ डिसेंबर १९२३ रोजी टोलेडो येथे कंपनीच्या संचालकांच्या बैठकीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. १९२९ साली त्यांची बाटल्यांची कंपनी आणि इलिनॉय ग्लास कंपनी एकत्र येऊन ओवेन्स-इलिनॉय हे नाव जन्माला आले. १९८३ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्या बाटली यंत्राला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला.