बाईच्या हाताला हुनर देणाऱ्या बेगम रुकय्या

मुलींची शाळा काढणाऱ्या म्हणून बेगम रुकय्या सखावत हुसैन यांचे नाव आपण ऐकतो. पण गरीब बाईच्या रोजीरोटीचा विचार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केला होता, हे आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही.

९ डिसेंबर १८८० रोजी रंगपूर जिल्ह्यातल्या पायराबंद गावी, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरातल्या मुलींना बंगाली-इंग्रजी शिकायला मनाई होती. थोरले भाऊ इब्राहिम रात्री सगळे झोपले की मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकवायचे. पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सखावत हुसैन यांच्याशी निकाह झाला. त्यांनी बेगमच्या लिखाणाला साथ दिली आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये ठेवले. १९०९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

त्याच वर्षी बेगमनी भागलपूरला पाच मुलींवर शाळा सुरू केली. घरच्या वादामुळे ते गाव सोडावे लागले. मग १६ मार्च १९११ ला कोलकात्यात आठ मुलींवर पुन्हा सुरुवात! घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केली, पडदा लावलेल्या गाडीची सोय केली. कुरआन आणि भाषांसोबत शिवणकाम, आजाऱ्याची शुश्रूषा हेही विषय ठेवले.

१९१६ मध्ये त्यांनी अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम स्थापन केली. विधवांना आसरा, गरीब मुलींच्या लग्नाला हातभार, झोपडपट्टीतल्या बायकांना लिहिणे-वाचणे आणि हातचे काम शिकवणे, अशी कामे तिथे चालत.

गरिबीचे मूळही त्यांनी शोधले. रंगपूरच्या बायका एरंडाच्या पानांवर किडे पाळून एंडी रेशमाचे सूत कातायच्या, घरचे कापड घरीच व्हायचे. बाहेरचे कापड आले आणि हा हुनर मागे पडला. शेतकऱ्यांच्या हलाखीवर लिहिताना त्यांनी गावोगाव शाळा आणि घरगुती उद्योग दोन्ही मागितले. १९२४ च्या ‘पद्मराग’ कादंबरीत तर त्यांनी एक अख्खी संस्थाच रंगवली. तिथे निराधार बायका, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, एकत्र राहतात, शिवण, सूतकताई, पुस्तकबांधणी असे काम शिकतात आणि स्वतः कमावतात.

आसरा, अक्षर आणि हुनर हे तिन्ही एकत्र हवे, हे त्यांच्या कामातून दिसते. आपल्याकडे जकातीच्या पैशातून गरजू बहिणींना शिलाई मशीन दिली जाते. काम चांगलेच आहे. पण माप कसे घ्यायचे, कापड कसे बेतायचे, मजुरी किती लावायची, उधारी कशी वसूल करायची, हे कोण शिकवणार? हिशेबाची वही लिहिता आली नाही तर मशीन कोपऱ्यात पडून राहते, आणि पुढच्या रमजानला तीच बहीण पुन्हा रांगेत उभी राहते.

९ डिसेंबर १९३२ ला, जन्मतारखेलाच, बेगम हे जग सोडून गेल्या. आदल्या रात्रीपर्यंत त्या स्त्रियांच्या हक्कावर लिहीत होत्या. तो लेख अपुरा राहिला. आपल्या मोहल्ल्यात जिथे मशीन वाटली जाते, तिथे सोबत सहा महिन्यांचा शिवण आणि हिशेबाचा वर्ग सुरू केला, तर त्यांचे काम थोडे पुढे जाईल. शिकलेल्या बहिणींनी आठवड्यातले दोन तास दिले तरी पुरे.