डॉ. थॉमस यंग : थेंबाच्या कोनाचे शास्त्रज्ञ

उधन्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत एक गोष्ट कोणालाही पाहता येते. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो काही वेळ मण्यासारखा बसून राहतो. खळ व तेल धुऊन काढलेल्या कापडावर तोच थेंब पसरतो. कापड नीट भिजले नाही तर रंगही सारखा चढत नाही. या भिजण्याला शास्त्राचा नियम देणारे गृहस्थ मात्र कापडाच्या धंद्यातले नव्हते. ते व्यवसायाने डॉक्टर होते. त्यांचे नाव थॉमस यंग.

यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडातील मिल्व्हर्टन या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत थोरले. दोन वर्षांचे असतानाच ते वाचू लागले होते. लंडन, एडिंबरो व ग्योटिंगेन येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. डोळ्यातील भिंगाचा आकार बदलतो, या विषयावरील निबंधानंतर वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, १७९४ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

१८०१ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाश तरंगरूप आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. न्यूटनच्या मताविरुद्ध बोलणे त्या काळी धाडसाचे होते. 'एडिंबरो रिव्ह्यू' मधून त्यांच्यावर जहरी टीका झाली. त्यांनी उत्तरादाखल छापलेल्या पुस्तिकेची म्हणे एकच प्रत खपली! १८०३ मध्ये अध्यापन सोडून ते वैद्यकीकडे वळले. रोग्यांचा विश्वास उडू नये म्हणून कित्येक लेख त्यांनी निनावी प्रसिद्ध केले.

अशा काळातच, १८०४ च्या डिसेंबरात, द्रवांच्या संसक्तीवरील त्यांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. द्रव आणि घन पदार्थ यांच्या प्रत्येक जोडीचा स्पर्शकोन ठरलेला असतो, हे त्यांनी त्यात दाखविले. कोन ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग भिजतो, अधिक असेल तर द्रव अंग चोरतो. परंतु सारे विवेचन शब्दांत, एकही समीकरण नाही! त्यामुळे ते समजण्यास अवघड गेले. थोड्याच अवधीत फ्रान्समध्ये लाप्लास यांनी हाच विषय गणिताने मांडला.

हाच कोन आज भूगर्भात महत्त्वाचा ठरला आहे. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता खोल सच्छिद्र खडकांत साठविण्याचे प्रयत्न होत आहेत. नॉर्वेने १९९६ पासून समुद्रतळाखालील वालुकाश्मात असा वायू सोडला. उधन्याजवळच्या हजिऱ्याचा वायू अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रात सोडण्याचा विचारही ओ.एन.जी.सी.ने केला होता. खडकाच्या छिद्रांत बहुधा खारे पाणी असते. खडकाला पाणी प्रिय असेल तर ते छिद्रांच्या भिंतींना व अरुंद वाटांना चिकटून राहते आणि वायू मोठ्या छिद्रांतून पुढे सरकतो. मागून पाणी परतले की वायूचे तुकडे पडतात आणि ते तेथेच अडकतात. वरच्या दाट खडकाची छिद्रे फार बारीक असल्यामुळे केशाकर्षणाचा दाब वायूला वर चढू देत नाही. परंतु तेलकट द्रव्यांच्या थरामुळे खडकाचा पाण्याशी स्पर्शकोन वाढला, तर हीच पकड सैल होते. म्हणजे साठा टिकेल की निसटेल, हे थेंबाच्या कोनावरही अवलंबून आहे.

१० मे १८२९ रोजी वयाच्या ५५ व्या वर्षी यंग निवर्तले. प्रकाशाविषयीचे त्यांचे म्हणणे फ्रेनेल यांच्या संशोधनाने त्यांच्या हयातीतच उचलून धरले. रोझेटा शिळेवरील इजिप्शियन लिपी उलगडण्यातही त्यांचा वाटा होता. स्पर्शकोनाच्या समीकरणाला मात्र त्यांचे नाव पुढच्या पिढ्यांनी दिले.

विद्यार्थी मित्रांनो, यंग यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी शिकता येतात. टीकेमुळे खरे संशोधन खोटे ठरत नाही. आणि जे कळले ते दुसऱ्याला कळेल असे मांडणे, हेही शास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे.